पाहुण्याला दार, सिस्टरला कुलूप

गोव्यात भाड्याने काय मिळत नाही? स्कूटर मिळते, मोटार मिळते, होडी मिळते, लग्न लावायला समुद्रकिनारा मिळतो. नाताळच्या आठवड्यात तर काही लोक स्वतःची झोपायची खोलीसुद्धा रिकामी करून पाहुण्याला देतात आणि आपण हॉलमध्ये चटई टाकतात. मिळत नाही ती एकच गोष्ट. सहा महिन्यांच्या करारावर इस्पितळात रुजू झालेल्या नर्सला, तीन महिन्यांसाठी जिल्हा इस्पितळात पाठवलेल्या शिकाऊ डॉक्टरला, नव्या यंत्रावर काम करायला आलेल्या टेक्निशियनला राहण्याजोगी खोली. खाट, पंखा, चूल आणि आतून लागणारी कडी, एवढंच तिच्यात हवं. एका रात्रीसाठी मागा, पन्नास दारं उघडतील. तीन वर्षांसाठी मागा, रिकामा फ्लॅट मिळेल आणि त्यात बल्बसुद्धा तुम्हीच लावायचा. मधल्या मुदतीचं बिऱ्हाड मात्र कोणालाच नको आहे.

मला हे नुसतं गैरसोयीचं वाटत नाही, लाजिरवाणं वाटतं. आपल्या आईच्या उशाशी रात्रभर जागणारी सिस्टर सकाळी कुठे जाऊन झोपते, हा प्रश्न आपण कधी विचारतच नाही. आणि ती आपल्याच गावात, आपल्याच बंद घराच्या दारात येऊन उभी राहिली, की आपल्याला एकाएकी कायदा, संस्कृती, शेजारधर्म आणि चवथीला येणारे पाहुणे असं सगळं एकदम आठवतं. या प्रत्येक सबबीचा समाचार घेण्यासाठी हा लेख.

आधी घरांचं बोलू. गोव्यात जागा नाही असं कोणी म्हणत असेल, तर त्याने २०११ची जनगणना पाहावी. त्या मोजणीत गोव्यातल्या दर पाच घरांमागे साधारण एक घर रिकामं सापडलं होतं. माणसं साडेचौदा लाख आणि रिकामी घरं सव्वा लाखाच्या आसपास! त्यानंतर किती इमारती उठल्या हे महामार्गावरून जाताना कोणालाही दिसतं. यातली काही घरं दिल्ली-मुंबईच्या लोकांची, वर्षातून दहा दिवस उघडणारी. पण सगळं खापर त्यांच्यावर फोडू नका. आखातात, विलायतेत किंवा बोटीवर असलेल्या आपल्याच माणसांची घरं गावोगाव चवथीची नाहीतर फेस्ताची वाट पाहत बंद आहेत. भिंतींना वाळवी लागते, कौलं फुटतात, अंगणात रान माजतं. पण कुलूप काही निघत नाही.

आता राहायला कोण मागतं ते पाहू. पहिला गैरसमज असा, की ही सगळी 'भायलीं' माणसं. सरकारी नोकरीला १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, हे आपल्या घराघरांत पाठ आहे. म्हणजे सरकारी इस्पितळातली कायम नोकरीतली नर्स बहुतेक वेळा गोव्याचीच. काणकोणची मुलगी बांबोळीला असते, पेडण्याची मडगावला, सत्तरीची म्हापशाला. नकाशात गोवा चिमूटभर दिसतो. पण काणकोण ते बांबोळी साठेक किलोमीटर आहे आणि रात्री आठ-नऊनंतर आपल्या बसगाड्यांचं काय होतं हे गोंयकाराला सांगायला नको. दुपारची पाळी संपवून ती घरी पोचणार कशी? आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी असेल, तर झोपणार कधी?

दुसरे शिकाऊ डॉक्टर. पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणात सरकारी महाविद्यालयांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. म्हणजे गोमेकॉत देशभरातली मुलं येणार, तशी आपली मुलं देशभर जाणार. शिवाय एम.डी., एम.एस. करणाऱ्याला तीन महिने जिल्हा इस्पितळात काढावे लागतात, तसा नियमच आहे. तीन महिन्यांसाठी तो काय फ्रीज आणि कपाट विकत घेणार? तिसरी खाजगी इस्पितळांतली माणसं. तिथे केरळ, कर्नाटक, ईशान्य भारत इथून नर्सेस येतात, सहा महिने-वर्षभर राहतात आणि पुढे जातात. या मुली नसत्या तर खाजगी अतिदक्षता विभागातल्या किती खाटा चालू राहिल्या असत्या, हे तिथे नातेवाईक ठेवलेल्यांनी स्वतःशीच विचारून पाहावं.

आता सबबी. पहिली आणि सर्वांत भारदस्त सबब कायद्याची. "एकदां भितर घेतली म्हणल्यार भायर सरची ना!" ही भीती अगदीच हवेतली नाही. गोव्याचा भाडेनियंत्रण कायदा १९६८चा. त्याच्याखाली भाडेकरूला बाहेर काढायचं तर कायद्यात दिलेली कारणं सिद्ध करावी लागतात आणि त्यात वर्षं जातात. त्यात भर १९७५च्या मुंडकार कायद्याची. तो कायदा न वाचताच तीन पिढ्या त्याला घाबरत आल्या आहेत. मुंडकाराची व्याख्या त्या कायद्यात स्पष्ट दिली आहे आणि घराचं भाडं भरून राहणारा माणूस त्या व्याख्येतून वगळलेला आहे. तेव्हा सहा महिन्यांसाठी आलेली नर्स तुमच्या भाटात मुंडकार होईल हे भय मनातून काढून टाका.

राहिला १९६८चा कायदा. त्यावर रुळलेला उपाय म्हणजे 'लिव्ह अँड लायसन्स'चा लेखी करार. घराचा ताबा न सोडता ठरावीक मुदतीसाठी वापरायची परवानगी द्यायची, सामानाची यादी जोडायची, तारखा घालायच्या. मसुदा वकिलाकडून करून घ्यावा, कारण नुसतं वर 'लायसन्स' लिहिल्याने लायसन्स होत नाही. आतला मजकूर तसा असावा लागतो. पोलिसांकडे भाडेकरूच्या माहितीचा अर्ज द्यावा. इस्पितळालाच करारात घेता आलं तर उत्तम. बदली झाली, नोकरी सुटली की खोली सुटली, आणि भाड्याला इस्पितळ जबाबदार. आणि मला सांगा, भाडेकरू घर बळकावून बसेल ही भीती नेमकी कोणाबद्दल बाळगायची? जिची बदली ठरलेली आहे, जिची नोंदणी नर्सिंग कौन्सिलकडे आहे, जिचा पगार बँकेत जमा होतो आणि जिला पुढच्या वर्षी इंग्लंडला जायचं आहे, तिच्याबद्दल?

गंमत अशी, की कायद्याला इतके भिणारे हेच लोक पर्यटकांना खोल्या देताना मात्र निर्भय असतात. पर्यटकांना दिवसावर जागा द्यायची तर १९८२च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंद करावी लागते. ती किती जणांनी केली आहे? नोंदणीशिवाय दररोज नवा अनोळखी माणूस घरात घेताना कायदा आठवत नाही. ओळखपत्र गळ्यात घालून आलेली सिस्टर दिसली की मात्र कलमं तोंडपाठ!

दुसरी सबब वेळेची. "रातदीस येता, वता. शेजाऱ्यांक कितें सांगप?" शेजाऱ्यांना सांगायचं, की ती इस्पितळात काम करते. आणखी काय सांगायचं? रात्रपाळी करून सकाळी आठला परतणारी बाई संशयास्पद आणि पहाटे तीनला दारू पिऊन बलकांवात गाणी म्हणणारे पाहुणे 'कस्टमर', हा कुठला नीतिविचार? ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात ड्यूटीवर असलेल्या तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. देशभर मेणबत्त्या पेटल्या. बाईमाणसाच्या सुरक्षिततेवर आपण सगळेच तावातावाने बोललो. ती सुरक्षितता इस्पितळाच्या फाटकाशी संपते काय? रात्री दहाला सुटलेल्या मुलीला दहा मिनिटांवर आपल्या किल्लीने उघडता येईल असं दार असणं, हाही तिच्या सुरक्षिततेचाच भाग आहे. पण आपण तिला विचारतो, "तूं कोणाची? गांव खंयचो? लग्न जालां? मांस खातात?" स्वतः रोज दुपारी हुमण ओरपणारा माणूस दुसऱ्याच्या ताटाची चौकशी करतो, तेव्हा हसावं की रडावं कळत नाही. जात, धर्म आणि प्रांत विचारण्यासाठीच हे प्रश्न आडवळणाने येतात, हे विचारणाऱ्याला ठाऊक असतं आणि उत्तर देणारीलाही.

तिसरी सबब पैशाची. ही निदान प्रामाणिक आहे, म्हणून तिचा हिशेबच मांडू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, आपापले घालून पाहावेत. समजा, खोली पर्यटकाला दिवसाला २,००० रुपयांनी देता. हंगामाचे सहा महिने महिन्यातले १५ दिवस भरली आणि उरलेले सहा महिने ४-४ दिवस. वर्षाचे झाले २,२८,०००. त्यातून बुकिंगवाल्या संकेतस्थळाचे १५ टक्के धरा, ३४,२००. वर्षात ४५ वेळा चादरी धुणं, झाडणं, पुसणं, दर खेपेला ५०० रुपये, म्हणजे २२,५००. रात्रंदिवस चालणाऱ्या एसीचं बिल महिना २,५०० धरलं तर ३०,०००. किल्ली देणाऱ्या-घेणाऱ्या माणसाला महिना ३,००० म्हणजे ३६,०००. हाती उरले १,०५,३००. तीच जागा दोन नर्सेसना मिळून महिना १५,०००ला, अकरा महिन्यांसाठी दिली, तर १,६५,००० होतात आणि विजेचं बिल त्यांचं. फुटलेला आरसा, जळालेली गादी, पोलिसांचा फोन हे सगळं वजा.

कळंगुट-बागाच्या किनाऱ्यावर हे गणित उलटेल, मान्य. पण सांताक्रूझ, मेरशी, कुडका, शिरदोण, गोवा वेल्हा, पिलार, आगशी या बांबोळीच्या शेजारच्या गावांत समुद्रस्नानाला कोण येतो? तिथल्या माणसाने कळंगुटची स्वप्नं पाहत खोली रिकामी ठेवायची, यात व्यवहार कुठला? ही तर निव्वळ हौस झाली.

चौथी सबब, "चवथीक आमचीं मनशां येतात." येऊ देत की! एक खोली आपल्यासाठी कुलूपबंद ठेवा, देवाची खोली वेगळी ठेवा, चवथीच्या तारखा करारातच घाला. पाच दिवसांच्या उत्सवासाठी तीनशे साठ दिवस घर उपाशी ठेवावं असं कुठल्याही देवाने सांगितलेलं नाही.

हे सगळं अधिक टोचतं, कारण परगावी गेलेल्या आपल्या माणसाची सोय करण्यात गोमंतकीयांचा हात एके काळी कोणी धरू शकत नव्हतं. मुंबईत धोबीतलाव आणि आसपास गोव्यातल्या गावागावांच्या नावाने चालणारे क्लब होते, ज्यांना आपण 'कूड' म्हणतो. त्यांतले काही आजही आहेत. बोटीवरून उतरलेला तारवटी पुढची बोट मिळेपर्यंत तिथे राही. आठवडे, कधी महिने. नाममात्र वर्गणी, पेटी ठेवायला जागा, संध्याकाळची तेर्स, आणि मुंबईसारख्या शहरात डोक्यावर छप्पर. कामासाठी फिरणाऱ्या माणसाला मधल्या मुदतीचं सामानासहित बिऱ्हाड लागतं, हे शहाणपण आपल्या अडाणी समजल्या गेलेल्या खलाश्यांना कित्येक दशकांपूर्वी होतं. इकडे आपल्या देवळांतल्या अग्रशाळा पाहा. मंगेशी, शांतादुर्गा, महालसा, कुठेही जा. परगावच्या महाजनाला, कुळाव्याला उतरायला खोली हवी म्हणून त्या बांधल्या गेल्या. १९१९ साली मुंबईत गोवा हिंदु असोसिएशन उभी राहिली तीही परक्या शहरातल्या गोमंतकीयाने एकटं पडू नये या जाणिवेतूनच. परक्या शहरात आपल्यासाठी दार उघडावं असं वाटणाऱ्या समाजाने स्वतःच्या गावात दार लावून घ्यावं, याला काय म्हणायचं?

आणि ही गरज इतिहासजमा झालेली नाही. आज स्विंडनमध्ये पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेल्या गोंयकारांची वस्ती आहे. तिथे पोचल्यावर पहिली विवंचना खोलीची असते. तिथल्या मालकाने आपल्या मुलीला रंग विचारून, नाव विचारून दार लावलं, तर आपण त्याला वंशद्वेष म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो. इंफाळच्या मुलीला आपण इथे दार लावलं, की त्याला मात्र 'आमची पद्धत' म्हणतो.

२०२० साल आठवून पाहा. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता आपण गॅलऱ्यांत उभं राहून थाळ्या वाजवल्या. २४ मार्चला दिल्लीच्या 'एम्स'मधल्या निवासी डॉक्टरांच्या संघटनेला केंद्रीय गृहमंत्र्यांना पत्र लिहावं लागलं, की घरमालक डॉक्टरांना आणि नर्सेसना घराबाहेर काढताहेत. मधे फक्त दोन दिवस! २२ एप्रिलला केंद्राने साथरोग कायद्यात वटहुकूम काढून दुरुस्ती केली. आरोग्यसेवकाचं राहणं आणि काम मुश्कील करणारा छळ हीसुद्धा हिंसाच, असं त्यात लिहावं लागलं. शिक्षा तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. मे महिन्यात कोलकात्याच्या खाजगी इस्पितळांतल्या मणिपूरच्या शेकडो नर्सेस नोकऱ्या सोडून घरी परतल्या. भेदभावाची वागणूक हे त्यांनी सांगितलेल्या कारणांपैकी एक होतं. थाळी वाजवायला काही खर्च येत नाही. खोली द्यायची म्हटली की माणसाची परीक्षा होते.

'सरकारने क्वार्टर्स बांधाव्यात' असं म्हणून हात झटकणारेही भेटतात. सरकारने बांधाव्यातच. १८४२ साली पोर्तुगिजांनी इथे वैद्यकीय शाळा काढली. पावणेदोनशे वर्षांहून जुन्या या परंपरेचा अभिमान मिरवणाऱ्या राज्याने आपल्या नर्सेसच्या झोपेची व्यवस्था करू नये, हे दूषण सरकारवर आहेच. खाजगी इस्पितळांवर तर ते दुप्पट आहे. परप्रांतातून मुली आणायच्या आणि एकेका खोलीत जमेल तेवढ्या कोंबायच्या, हा प्रकार त्यांनी थांबवावा. पण क्वार्टर्स उभ्या राहीपर्यंत काय? शिवाय तीन-सहा महिन्यांसाठी येणाऱ्या माणसासाठी इमारत बांधून होत नाही. त्याला वापरात असलेलं, तयार घरच लागतं.

अमेरिकेत हे कधीच ओळखलं गेलं आहे. तिथे 'ट्रॅव्हल नर्स' असा प्रकार आहे. साधारण १३ आठवड्यांचा करार, मग दुसरं शहर, दुसरं इस्पितळ. त्यांच्यासाठी सामानासहित घरं महिन्यावर देणाऱ्या मालकांची वेगळी बाजारपेठच तिथे उभी आहे. न्यूयॉर्क शहराने सप्टेंबर २०२३पासून ३० दिवसांहून कमी मुदतीच्या भाड्यावर कडक नोंदणी लादली, तेव्हा अनेक मालक महिन्याच्या भाड्याकडे वळले. तिथले घरमालक काही संत नाहीत, भाडं ते दाबून घेतात. पण त्यांना एक गोष्ट कळली, की महिनाभर झोपेसाठी घरी येणारं माणूस हे सर्वांत कमी त्रासाचं गिऱ्हाईक. आपण गोव्यात पर्यटनातल्या साऱ्या खुळचट गोष्टी परदेशातून आणल्या. ही एक शहाणपणाची आणली असती तर बिघडलं नसतं.

करायला काय हवं ते फार नाही. खोलीत खाट आणि चांगली गादी. दिवसा झोपावं लागतं, म्हणून खिडक्यांना जाड पडदे. गॅस, फ्रीज, कपडे धुवायचं यंत्र, वीज गेल्यावर पंखा चालेल असा इन्व्हर्टर. फाटकाशी दिवा. स्वतंत्र किल्ली. सोफा आणि शोभेचे घोडे नकोत. अनामत रक्कम दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको. केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडे कायद्यात तीच मर्यादा सुचवली आहे, आणि मालकाने घरात शिरण्यापूर्वी २४ तास आधी कळवावं असंही त्यात आहे. राज्याच्या कायद्याची वाट न पाहता या दोन गोष्टी सज्जन माणसाला आजच करता येतील. इस्पितळांनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी जवळपासच्या खोल्यांची यादी ठेवावी, करारावर सही करावी. पंचायतींनी आणि देवस्थानांनी यात हात घालावा. वर्षातले बरेच दिवस रिकाम्या राहणाऱ्या अग्रशाळेतल्या दोन खोल्या गावच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला दिल्या, तर देव रागावेल असं मला वाटत नाही.

माझा रोख गरीब घरमालकावर नाही, जो एक खोली देऊन संसार चालवतो. तो बहुधा देतोही. रोख आहे तो दोन-दोन फ्लॅट बंद ठेवून गोंयकारपणावर भाषणं देणाऱ्यांवर, ज्यांना गोवा विकला जातोय याचं दुःख आहे, पण रिकामा पडलाय याचं नाही. गाव जिवंत राहतो तो संध्याकाळी दिवा लागलेल्या घरांमुळे. त्या घरात आज काणकोणची मुलगी असेल, उद्या कोट्टायमची. दोघी सकाळी उठून आपल्यापैकीच कोणाची तरी सलाईन बदलायला जाणार आहेत.

यंदा चवथीला घर उघडाल, जळमटं काढाल, माटोळी बांधाल, पाहुणे जेवून जातील. मग परत कुलूप लावायची वेळ येईल. त्या वेळी जवळच्या इस्पितळात एक फोन करून एवढंच विचारा, की तुमच्याकडे कोणाला खोली हवी आहे का. बहुतेक ठिकाणी उत्तर येईल, "हो, हवी आहे. कधीपासून मिळेल?"